विसाव्या लेव्हलचे नियम

"आजपासून या टेबलाभोवती कुणीही साधा माणूस राहणार नाही!" अशी गर्जना करत नवलभाऊ उठले आणि गुडघ्यानं त्यांना लगेच खाली बसवलं.

फासे टाकून गोष्ट रचायचा हा खेळ त्यांना सुनेनं शिकवला होता. दीपनगरच्या कॉलनीत तो पितांबर आबांच्या घरी चाले, कारण त्या घरात पसाऱ्याला हरकत घेणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"नियम लिहून घ्या आबा. पात्र एकदम विसाव्या लेव्हलचं. उडा, गायब व्हा, डोंगर उचला. फक्त मेलेल्याला जिवंत करायचं नाही. सगळी मजाच जाते."

आबांनी पेन्सिल खाली ठेवली. "बोलता तरी येतं का?"

"मेलेल्याशी? येतं ना. एक प्रश्न, एक उत्तर. उत्तर मी देणार. खेळात तुम्ही सोडून बाकी बठ्ठा, सगळा गाव मीच शे."

आबांची लिलाबाई रागावली की तोंडानं एक शब्द बोलत नसे. तिची भांडी बोलत, आणि कॉलनीच्या टोकापर्यंत ऐकू जात. दोन वर्षं झाली, आतल्या ओट्यावर साधी ताटली वाजली नव्हती.

"विचारा वहिनींना काय विचारायचं ते," नवलभाऊंनी बायकी आवाजासाठी घसा खाकरला.

"विचारायचं काही नाही," आबा म्हणाले. "तू फक्त आत जा आणि एक पातेलं आपटून ये."