अर्धश्वास

"आमच्याच ताटातलं उचलायचं आणि आम्हालाच उपाशी ठेवायचं, अशातला प्रकार आहे हा," मामा तावातावाने सांगत होता. बहिणीच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, हातात चहाचा कप धरून, तो मनातलं सगळं भडाभडा बोलून टाकत होता. "पूर्वी माणसाने नेटवर काही शोधलं, की पानांची रांग लागायची, त्यात एक आमचं असायचं. आता वरच्या चौकटीत एआयचं आयतं उत्तर. खाली उतरून आमचं पान उघडतंय कोण? आमच्या साइटच्या मालकाने आज माझ्यासकट सगळ्या लिहिणाऱ्यांना नारळ दिला."

"पण ते उत्तर आणतं कुठून?" भांडी विसळता विसळता ताईने विचारलं.

"आमच्याकडून! आमचीच वाक्यं, जशीच्या तशी. नाव मात्र कुणाचंच नाही."

ताईला भावाची कीव आली. तरी तिच्याने राहवलं नाही. "राग मानू नकोस, पण मला त्या चौकटीचा फार आधार वाटतो रे. टिल्लीसाठी सगळं तिथलंच तर करतेय."

टिल्ली म्हणजे ताईची लेक. ती दाराला टेकून उभी होती. बोलताना ती अडखळायची, अगदी पहिल्यापासून. पण मामा आला की अडखळत का होईना, तिची टकळी सुरू व्हायची. शाळेतली भांडणं, शेजारचं कुत्रं, सगळं सांगून व्हायचं. आज मात्र आल्यापासून तिने नुसती मान हलवली होती. आपल्याच रडगाण्यात मामाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"टिल्ली, मामाला सांग बरं चित्रांच्या स्पर्धेचं," ताई म्हणाली. "कसं बोलायचं? अर्धश्वास."

मामाचा कप ओठांपाशीच थांबला. "काय म्हणालीस?"

पोरीने थोडासा श्वास घेतला आणि मध्येच अडवला. ओठ घट्ट मिटले, मान ताठ झाली. मग "मा" एवढंच बाहेर पडलं आणि दम संपला. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच झालं. शेवटी तिने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"तू नीट करत नाहीस, म्हणून जमत नाही," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. हात पुसून तिने फोन भावापुढे धरला. "हे बघ, काही मनाचं नाही करत मी."

चौकटीत लिहिलं होतं, 'तज्ज्ञांच्या मते, अर्धश्वास पद्धतीने मुलांचं अडखळणं हळूहळू नाहीसं होतं. बोलण्यापूर्वी अर्धाच श्वास घेऊन तो रोखून धरावा.'

मालकाचा एक नियम होता. प्रत्येक लेखात एक तरी शब्द असा हवा, जो दुसऱ्या कुणाच्या पानावर नाही. म्हणजे तो शोधणारा झक मारत आपल्याकडेच येणार. फरशीवरचे डाग आणि मांजराचं खाणं या दोन लेखांच्या मध्ये मामाच्या वाट्याला अडखळणाऱ्या मुलांवरचा लेख आला होता. कुणाला विचारायला किंवा काही वाचायला सवड नव्हती. त्याने खिडकीबाहेर बघत 'अर्धश्वास' हा शब्द जुळवला आणि त्याखाली एक पद्धत ठोकून दिली. 'तज्ज्ञांच्या मते' हे तर बोटांच्या सवयीचंच होतं. तो शब्द सुचला तेव्हा तो स्वतःवर भलताच खूश झाला होता.

आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बंद कर हे," तो म्हणाला.

"का रे?"

ताई, ते मी लिहिलंय, असं त्याला म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण ताई त्याच्याकडे इतक्या मायेने बघत होती, की त्याची हिंमत झाली नाही.

"वाचलंय मी. याने मुलं उलट जास्त अडखळतात. बोलण्याच्या डॉक्टरांना दाखव तिला. हे सगळं थोतांड आहे."

"पण तज्ज्ञ म्हणताहेत ना?"

"माझी इतकी वर्षं गेली या धंद्यात. मला कळतं, खरं काय आणि खोटं काय."

हे तो इतक्या सफाईने बोलून गेला, की त्याची त्यालाच शिसारी आली.

ताईने फोन उपडा ठेवला. "कोण असतील रे अशी माणसं? यांच्या घरात पोरंबाळं नसतील का?"

मामाने कप विसळायला घेतला.

"म... म्हणजे आई," टिल्ली दारातून म्हणाली, "मी चु... चुकत नव्हते?"

ताईने तिला जवळ ओढलं. "नाही गं राणी. उगाच रोज ओरडत होते मी तुझ्यावर." तिचे डोळे भरून आले.

मामाला तिथे उभं राहवेना. काहीतरी काम आठवल्याचं सांगून तो बाहेरच्या दाराशी गेला आणि बूट घालायला वाकला.

"अरे, थांब जरा," मागून ताई आली. टिल्लीचा हात तिच्या हातात होता. "आज तू होतास म्हणून कळलं, नाहीतर आम्ही तेच करत बसलो असतो. टिल्ली, मामाला थँक्यू म्हण. तुला येईल तसं म्हण."

टिल्ली त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिने छाती भरून श्वास घेतला आणि हसत हसत सुरुवात केली. शब्द पहिल्याच अक्षरावर अडला. पण आता तिला कसलीच घाई नव्हती.

"थ... थ... थ..."

एका पायात बूट घातलेला मामा, तो शब्द पुरा व्हायची वाट बघत तसाच उभा राहिला.