दाण्यांचं रबर

टेबल टेनिसच्या सामन्याआधी एकमेकींच्या बॅटी तपासायची पद्धत आहे. सुनेत्राने तिची पुढे केली, ती मी न बघताच परत दिली.

"तुझी काय बघायची? इतकी वर्षं डबल्स खेळलोय आपण."

गेल्या वर्षी ती क्लबवर यायची बंद झाली, तशी मी दुसरी पार्टनर शोधली होती. आता थेट चाळिशीपुढच्या महिलांच्या सिंगल्स फायनलला भेटत होतो.

पहिल्याच रॅलीत मी सणसणीत टॉपस्पिन मारला. तिने हात हलवलाच नाही, फक्त बॅट मध्ये धरली. परत आलेला चेंडू मी पुन्हा तसाच मारला, तर तो खाली बसून नेटमध्ये गेला. पुढचाही गेला. मी जितकी फिरकी देई, तितकी ती उलटून माझ्याच अंगावर येई. तिन्ही गेम हरले.

हात मिळवायच्या आधीच मी तिची बॅट ओढून घेतली. लाल बाजू नेहमीसारखी गुळगुळीत होती. काळ्या रबरावर मात्र लांब, मऊ दाणे उभे होते.

"हे कधीपासून?"

"खांद्याच्या ऑपरेशननंतर. आता हातात जोर नाही राहिला. या रबराला समोरचीचा जोर पुरतो."

"ऑपरेशन? कधी झालं?"

सुनेत्रा माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे तुला माहीतच नव्हतं? मला वाटलं, खांदा गेला म्हणून तू मला सोडलंस."