झाकलेलं ताट

चाळीसगावच्या दवाखान्यातली नवी नर्स रूथ खालच्या मजल्यावर राहायला आली, तेव्हापासून धापूबाई सावध होत्या. "आजी, जेवता किती वाजता?" असं तिनं दोनदा विचारलं होतं; दुसऱ्यांदा धापूबाईंनी "पाचला" एवढंच तुटक सांगितलं होतं. एकट्या म्हातारीच्या जेवणाची वेळ हिला कशाला हवी? धापूबाईंनी पाटल्या डाळीच्या डब्यात दडवल्या. नाताळच्या दिवशी पाचला बेल वाजली. दारात रूथ, हातात रुमालानं झाकलेलं ताट. केक असणार, म्हणजे अंडं! जैनाच्या उंबऱ्यावर! "आमच्यात चालत नाही," साखळी न काढताच धापूबाई फटीतून कडाडल्या. रूथनं रुमाल उचलला. ताट रिकामं होतं. "कोरं आहे, आजी. आजच घेतलं. सुट्टी मिळाली नाही, घरचे नवापूरला. सणाला एकटीनं जेवायचं जिवावर आलं. तुमच्या वेळेला आलेय, वाढाल का?" धापूबाईंनी साखळी काढली. "ये, बस लवकर," त्या म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आत दोघी जेवून घेऊ."