डावं पेडल

“पेटीला पोट आलंय. अशी विमानात चढणार नाही,” काउंटरवरचे काका म्हणाले. आत माझी शर्यतीची सायकल होती. डावं पेडल निघेना, म्हणून मी ते तसंच कोंबलं होतं. काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं होती. मी फरशीवर बसकण मारली, पेटी उघडली आणि जीव खाऊन पाना फिरवला. पेडल ढिम्म. तीस वर्षं सायकली दुरुस्त करणारी आई हात पाठीमागे बांधून नुसती बघत होती. काकांना राहवेना. “अहो, लेकीला मदत करा की!” “चौदा तासांनी उतरल्यावर तिलाच जोडायचीय. तेव्हा मी कुठे असणार?” आई म्हणाली. ती गिऱ्हाइकांना रोज सांगते ते एकदम आठवलं: डावं पेडल उलटं सुटतं. सुटलं! पेटीचं पोट गेलं. निघताना आईला मिठी मारली. तिच्या पाठीमागच्या मुठीत दुसरा पाना होता, घामानं चिंब.