फणीचा हात

नत्थूजीचा पहिला बॉल झेंड्यावरून सरळ पलीकडच्या नाल्यात गेला आणि बाभळीच्या काट्यांत दिसेनासा झाला.

कामठीचा ओमप्रकाश मिशीतल्या मिशीत हसला. हसणारच. त्याचे तिन्ही बॉल मारून झाले होते आणि त्यातला एक भोकापासून दोन हातांवर थांबला होता. प्रत्येकाला तीन बॉल, अंतर तीस पावलं, आणि ज्याचा बॉल भोकाच्या सर्वांत जवळ तो मैदानाचा नवा मार्कर, म्हणजे साहेब लोकांना गोल्फ शिकवणारा माणूस, असं क्लबचे सेक्रेटरी भैयाजी यांनी ठरवलं होतं. इंग्रज जाऊन चार वर्षं झाली होती. आता आपले वकील-डॉक्टर हौसेनं यायचे आणि माती खणून घरी जायचे.

नत्थूजी वीस वर्षं सकाळी इथं बॅगा वाहायचा आणि दुपारी तांडापेठेत माग चालवायचा. कोणाचा बॉल का चुकला हे तो मागे उभा राहून बिनचूक सांगे. आज स्वतःचं मात्र कळेना. दिवाळीपासून माग बंद होता. ही जागा हातची गेली तर पुढे काय?

दुसरा बॉल त्यानं जपून मारायचं ठरवलं. काठी खाली आली, ऐन वेळी मनगट पुन्हा झटकलं गेलं. बॉल उंच उडाला, ब्राऊनवर आदळला आणि उसळून काठाबाहेर गेला. ब्राऊन म्हणजे झेंड्याभोवतीचा तेल पाजलेल्या वाळूचा गोल. नागपूरच्या उन्हात तिथं हिरवळ कुठून टिकणार? उंचावरून पडलेला बॉल त्या वाळूवर ठरत नाही. बुटका मारा, अलीकडे टेकवा, घरंगळू द्या, हे नत्थूजीच साहेबांना रोज सांगायचा. सांगणं सोपं असतं.

ब्राऊनवर पोतं ओढून वाळू सारखी करणारी तुळजाबाई काठाबाहेरचा बॉल उचलून त्याला द्यायला आली. मैदानावर कोणाला ठाऊक नव्हतं, पण ती नत्थूजीची बायको होती. एका घरची दोन माणसं कामावर ठेवायची नाहीत, असा क्लबचा कायदा. म्हणून दोघं रोज वेगवेगळ्या रस्त्यांनी येत आणि दिवसभर एकमेकांना ओळख देत नसत.

"धोटा काहून फेकून राहिले?" खाली बघत ती पुटपुटली. "फणी ठोका."

नत्थूजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागावर धोटा फेकायचा तो मनगटाच्या झटक्यानं, आणि इथं तोच झटका नडत होता. पण आडवा धागा बसवायला फणी अंगाकडे ओढायची ती खांद्यातून, मनगट न हलवता, दर वेळी तेवढ्याच जोरानं. जोर वाढला की कापड जाड, कमी पडला की विरळ. तोही हात त्याला लहानपणापासून येत होता. इथं वापरायचं कधी सुचलंच नव्हतं.

त्यानं पाय जवळ घेतले. मनगटं बांधल्यासारखी ठेवली आणि खांद्यातून काठी हलवली. बॉल गुडघ्याएवढा उडाला, ब्राऊनच्या अलीकडे टेकला, घरंगळत गेला आणि भोकापासून वीतभर अंतरावर थांबला.

"ये नहीं चलेगा!" ओमप्रकाश ओरडला. "इस बाई ने इसको बताया. घरवाली है क्या इसकी?"

भैयाजींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"काय वं बाई, कोण हाय हा तुझा?"

"कोणी नाही जी."

"मंग नाव सांग त्याचं."

भैयाजी खेड्यातून आलेला माणूस. त्यांना बरोबर ठाऊक होतं काय विचारायचं ते. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तुळजाबाईनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं तिला बजावलं होतं, आणि तिचा त्यावर पुरता विश्वास होता. ती गप्प राहिली तर आज दोघांपैकी एकाचं काम जाणार होतं. तरी तिनं गप्पच राहावं असंही नत्थूजीला वाटून गेलं.

तिनं पोत्याची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली. एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"नत्थूजी," ती म्हणाली. गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच.

भैयाजींचं समाधान झालं. "चला, मिटलं. नत्थूजी, उद्यापासून तूच मार्कर गा." ओमप्रकाश पाय आपटत फाटकाकडे निघाला. बाकीचे चहाला वळले.

नत्थूजीला आनंद व्हायला हवा होता. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून आपलं नाव ऐकलं, तेही परक्या बाईनं घ्यावं तसं, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. तिच्याकडे बघायचा धीर होईना. सवयीनं तो नाल्यात गेलेला पहिला बॉल शोधायला निघाला.

तुळजाबाई पोतं ओढत त्याच्या वाटेत आडवी आली. तिचा हात गळ्यातल्या काळ्या मण्यांवर होता.

"आज नाल्यात उतरू नका जी," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "साप-इच्चू रायते तिथं. बॉल मी आणीन."

आणि पोतं तिथंच टाकून ती अनवाणी बाभळीच्या काट्यांत उतरली.