वैभवच्या जागेवर

परळला गिरणी पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर, वैभव सावंतने सकाळी नऊला कंपनीच्या सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर टाकलं. दहापर्यंत सगळे लॉगिन होऊन कामाला लागले. टाकणारा तेवढा बाहेर. पासवर्ड बरोबर, तरी स्क्रीनवर एकच ओळ: ‘तुम्ही आधीच आत आहात.’

त्याने पासवर्ड बदलला. सर्व्हर रीस्टार्ट केला. ओळ हलेना.

शेजारच्या मानसीने तिच्या मशीनवरून नोंदी काढल्या. “तू सातला आत आलायस.”

“सातला? सॉफ्टवेअरच नऊला टाकलंय, बाई.”

“आणि काम पण धडाधड उरकतंय रे तुझं.”

साहेबांनी मानही वर केली नाही. “काम होतंय ना? मग तुझं अडलंय कुठे?”

सात. वैभवचे आजोबा याच जागेवरच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. सातचा भोंगा चुकला की गेटवर ताटकळलेला बदली कामगार त्यांच्या जागी आत जायचा, आणि आजोबा डबा तसाच घेऊन लालबागच्या खोलीवर परत. “साच्याला माणूस लागतो. हाच लागतो असं नाय,” म्हणायचे.

वैभव चिडून चहाला खाली उतरला. वर परतला तेव्हा ऑफिसच्या काचेच्या दारावर त्याचं कार्ड चालेना. वॉचमनने यादी पाहिली.

“वैभव सावंत आत आहेत. तुम्ही कोण?”

काचेतून त्याची खुर्ची पाठमोरी दिसत होती. मानसी खुर्चीत बसलेल्याशी हसून बोलत होती.

आजोबांना निदान डबा तरी परत नेता यायचा. वैभवचा डबा आत कोणीतरी उघडत होतं.