एका थेंबाला एक कविता

दिवा गावातल्या शेतावर भात झोडताना सहदेव मास्तरांच्या डोळ्यात कुसळ गेलं आणि बुबुळावर बुरशी धरली. दुसऱ्या डोळ्यात आधीच मोतीबिंदू. डॉक्टरांनी दर तासाला थेंब घालायला सांगितले, पण आग इतकी व्हायची की मास्तर डोळाच उघडायचे नाहीत.

मुलगी मालू वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. तिने रजा टाकली आणि ऑफिसातून कागदांचा गठ्ठा आणला.

"अण्णा, आमच्या नव्या कॉम्प्युटरने कविता केल्यात. एका थेंबाला एक वाचणार."

"यंत्राच्या कविता? वाच, चुका काढतो!" मास्तरांनी डोळा उघडला. चुका काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शाळेत असताना मालूने एकदाच त्यांना कविता दाखवली होती. ती लाल शाईने भरून परत आली, त्यानंतर तिने कधी दाखवली नाही.

"डोळ्यात शिरलं भाताचं कुसळ,
त्यालाही वाटलं, इथंच रुजावं."

मास्तर चूक काढायचंच विसरले. "माझ्या कुसळाचं याला कसं कळलं गं?"

"मीच सांगितलं त्याला."

दीड महिन्याने बुरशी गेली. मालू चहा टाकायला आत गेली, तेव्हा मास्तरांनी तो गठ्ठा उचलून डोळ्यांजवळ धरला. पानापानावर नटबोल्टांची नावं आणि नंबर होते. कविता एकही नव्हती.

मालू चहा घेऊन आली. "अण्णा, आता दिसतंय ना नीट?"

मास्तरांनी गठ्ठा तिच्या हातात दिला आणि डोळे मिटून घेतले.

"छे गं, अजून धूसरच आहे. वाच, आज काय म्हणतोय तुझा कॉम्प्युटर?"